खर्जाचा वादक आणि त्याचे चाहते

वादक निवर्तला म्हणजे त्याच्या कीर्तीचे विश्वस्त म्हणून त्याचे चाहते मागे उरतात. टीकाकार आपला अभिप्राय एकदा देऊन मोकळा होतो. चाहता तीच तबकडी चाळीस वर्षे ऐकत राहतो. यासाठी चाहत्यांच्या मतास आम्ही कधीच हलके लेखीत नाही. परंतु विश्वस्तानेही आपल्याकडील ठेव अधूनमधून कसाला लावून पाहिली पाहिजे. ठेव सोन्याची आहे एवढे म्हणून भागत नाही. तीत सोने किती आणि हीण किती हे त्यास सांगता आले पाहिजे. इंग्रज बासवादक ख्रिस स्क्वायर याच्या ‘फिश आउट ऑफ वॉटर’ या 1975 सालच्या तबकडीविषयी तिच्या चाहत्यांत जी मते रूढ आहेत, ती याच दृष्टीने तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्या वाचकांचा या संगीताशी परिचय नाही त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. गेल्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या रॉक गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. त्यांनी वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या, पाच व सात मात्रांचे ताल वापरले आणि पाश्चात्य अभिजात संगीताची मांडणी आपल्या विजेच्या वाद्यांवर उतरविली. यासच प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. या पंथातील अग्रगण्य संघांपैकी ‘यस’ हा एक होय. गायक जॉन अँडरसन व स्क्वायर या दोघांनी तो 1968 साली लंडनमध्ये स्थापन केला. त्यात स्क्वायरकडे बास गिटार होती. हे चार जाड तारांचे, खर्जात बोलणारे वाद्य सामान्यतः ताल आणि स्वर यांमधील दुवा म्हणून मागे उभे असते. श्रोत्यास ते असल्याचे कळत नाही. नसले तर मात्र घराचा पाया काढून घेतल्यासारखे वाटते.

स्क्वायर हा या नियमास अपवाद होता. तरुणपणी लंडनमधील वाद्यांच्या एका दुकानात नोकरीस असता त्याने रिकनबॅकर जातीची बास गिटार घेतली, आणि तिच्यातून खर्जाबरोबरच धारदार, जवळजवळ धातूच्या कडेसारखा लखलखीत नाद काढण्याची हातोटी साधली. त्याचा बास मागे राहात नसे. गाण्याच्या बरोबरीने, कधी गाण्याच्या विरुद्ध दिशेने, स्वतःची चाल धरून चालत असे. त्याखेरीज अँडरसनच्या उंच आवाजाखाली जोडीचा स्वर धरण्याचे कामही त्याचेच होते. स्नानगृहात तासन् तास काढण्याच्या सवयीवरून सोबत्यांनी त्याला ‘मासा’ हे नाव ठेवले. ‘पाण्याबाहेरचा मासा’ हे तबकडीचे नाव म्हणजे त्या थट्टेवर केलेली थट्टा आहे, आणि आपल्या संघाबाहेर एकट्याने उभे राहिलेल्या माणसाची थोडी कबुलीही आहे.

1975 साली यसने काही काळ विश्रांती घेऊन प्रत्येक घटकाने आपापली स्वतंत्र तबकडी काढावी असे ठरविले. त्या वर्षी आणि पुढील वर्षी मिळून पाचही जणांच्या तबकड्या बाहेर आल्या. स्क्वायरची तबकडी नोव्हेंबरात निघाली. विक्रीच्या यादीत ती इंग्लंडात 25 व्या व अमेरिकेत 69 व्या स्थानापर्यंत गेली. एकंदर साडेबेचाळीस मिनिटांच्या या तबकडीत गाणी पाचच आहेत. बाकीच्या चौघांच्या कृतींना त्यांचे त्यांचे अभिमानी आहेत. परंतु या पाचांत स्क्वायरची तबकडी सरस, असे म्हणणारा चाहता जितक्या सहज भेटतो तितका दुसऱ्या कोणत्याही बाजूचा भेटत नाही. येथपर्यंत आमचाही मतभेद नाही. मतभेद आहे तो या सरसपणाच्या कारणाविषयी.

चाहत्यांचे सर्वांत आवडते विधान असे की, ही तबकडी म्हणजे नाव नसलेली यसची तबकडीच होय. हे विधान स्तुतीच्या हेतूने केले जाते, आणि ऐकताना ते पटतेही. आम्ही ती प्रथम ऐकली तेव्हा आमच्याही तोंडून असेच काही निघून गेले. परंतु हे विधान जरा उलगडून पाहावे. यसमधील ज्या गोष्टी सहज नजरेत भरतात त्यांपैकी येथे कोणत्या आहेत? अँडरसनचा आवाज नाही. त्याची गूढ, अर्थापेक्षा नादावर तरंगणारी शब्दरचना नाही. येथील शब्द साधे आहेत आणि बहुधा समोरच्या एका ‘तू’ला उद्देशून आहेत. स्टीव्ह हाऊची गिटार नाही. किंबहुना या तबकडीवर स्वतंत्र गिटारवादकच नाही. बारा तारांची गिटार जेथे लागली तेथे स्क्वायरने ती स्वतः वाजविली आहे. यसचे जुने तबलजी म्हणावेत असे बिल ब्रुफर्ड ड्रम वाजवितात हे खरे. पण ते 1972 सालीच संघ सोडून गेले होते. त्या वेळचे यसचे घटक पॅट्रिक मोराझ येथे पाहुण्यासारखे ऑर्गन वाजवून जातात. मग यस उरले कोठे?

ते उरले बासमध्ये आणि खालच्या जोडस्वरात. या दोन गोष्टी यसच्या तबकड्यांतही होत्याच. पण तेथे वर चाललेल्या उत्सवामुळे त्या श्रोत्यास वेगळ्या मोजता आल्या नव्हत्या. वरचे सारे काढून घेतल्यावरही तेच घर ओळखू येते, याचा अर्थ घराचा आकार त्याच्या पायानेच ठरविला होता. तेव्हा ‘ही तबकडी यससारखी आहे’ हे म्हणणे उलटे आहे. यसच या माणसासारखे होते, असे म्हटले पाहिजे. चाहत्यांच्या कानांनी सत्य बरोबर पकडले. त्यांच्या वाक्याने मात्र त्याचा कर्ता चुकविला. आणि ही चूक किरकोळ नव्हे, कारण साथीच्या वादकाचे श्रेय नेहमी याच वाटेने निसटून जाते.

पण एवढ्याने या तबकडीचा निम्माच हिशेब लागतो. दुसरा निम्मा भाग यसमधून आलेला नाही. तो त्याच्याही आधीचा आहे. लंडनच्या किंग्जबरी भागात वाढलेला स्क्वायर लहानपणी तेथील सेंट अँड्र्यू चर्चच्या गायकवृंदात गात असे. त्या वृंदाचे शिक्षक बॅरी रोझ हे होते. पुढे हेच रोझ लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये गेले, आणि पहिल्या गाण्याच्या आरंभी जो भव्य पाइप ऑर्गन घुमतो तो त्यांनी तेथेच वाजविलेला आहे. वाद्यवृंदाची सारी रचना ज्याने केली तो अँड्र्यू प्राइस जॅकमन हाही त्याच वृंदातला बालमित्र. यसच्याही पूर्वी ‘द सिन’ नावाच्या संघात दोघे एकत्र वाजवीत. म्हणजे आपल्या नावाची तबकडी काढण्याची वेळ आली तेव्हा सत्तावीस वर्षांचा हा प्रसिद्ध वादक आपल्या प्रसिद्धीकडे न जाता आपल्या गुरूकडे आणि बालमित्राकडे गेला. या तबकडीच्या नादास जी एक गंभीर, दगडी कमानीखालची घुमारी आहे तिचे मूळ येथे आहे. चाहते या घुमारीस ‘सिंफनीसारखी’ म्हणून थांबतात. आमच्या मते ती सिंफनीपेक्षा चर्चमधील समूहगायनाची सगोत्र आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे चाहत्यांच्या दुसऱ्या एका वादाचाही निकाल लागतो. काहींचे म्हणणे असे की, स्क्वायर जोडीला उत्तम गातो, परंतु मुख्य गायकाचा आवाज त्याच्यापाशी नाही. त्याचे कैवारी यावर रागावतात. आम्हास दोन्ही पक्ष थोडेथोडे खरे वाटतात. समूहात गाण्याची शिकवण म्हणजे आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात बेमालूम मिसळण्याची शिकवण. अशा आवाजास पुढे येऊन एकट्याने मन उघडे करावयाचे झाले म्हणजे तो संकोचतो. ‘यू बाय माय साइड’ हे प्रेमगीत याच कारणाने आम्हास निर्दोष परंतु थोडे परके वाटते. बासरी व वाद्यवृंद यांनी जी ऊब आणली आहे ती गायकाच्या कंठातून यावयास हवी होती. उलट जेथे गाणे वैयक्तिक भाव सोडून स्तोत्राच्या वळणावर जाते तेथे तोच आवाज शोभून दिसतो. दोष आवाजाचा नाही. त्याला दिलेल्या कामाचा आहे.

‘सायलेंटली फॉलिंग’ हे साडेअकरा मिनिटांचे तिसरे गाणे आमच्या मते या तबकडीचे हृदय होय. हळुवार आरंभ, मध्ये मोराझच्या ऑर्गनची उसळी, आणि अखेरीस एकच आर्त ओळ पुनःपुन्हा घोळवीत चाललेला दीर्घ उतार, अशी त्याची बांधणी आहे. या शेवटास कंटाळवाणा म्हणणारे चाहते आहेत. त्यांनी एकवार वरची ओळ सोडून केवळ खालचा बास ऐकावा अशी आमची विनंती आहे. वर तेच ते चालले आहे असे वाटते, तेव्हा खाली जमीन हलत असते. ब्रुफर्डचे ड्रम आणि स्क्वायरचा बास यांची ती जुनी जोडी येथे ज्या समजुतीने एकमेकांस जागा देते ती पाहता, तीन वर्षांचा विरह मध्ये पडला होता हे खरे वाटत नाही. पुनरावृत्ती आणि आवर्तन यांत जो भेद आपल्याकडील तालाच्या जाणकारास न सांगता कळतो, तोच येथे लागू आहे.

चौथ्या ‘लकी सेव्हन’ गाण्यात नावाप्रमाणे सातांचा ताल आहे. त्यावर मेल कॉलिन्स यांचा सॅक्सोफोन असा सैल चालतो की, मात्रा मोजण्याचे भान राहात नाही. तालाचे अवघडपण श्रोत्याच्या डोळ्यांसमोर नाचविण्याची या पंथास जी खोड होती, तिचा येथे मागमूस नाही.

पाचवे ‘सेफ’ हे गाणे मात्र वादाचे खरे रण होय. ते जवळजवळ पंधरा मिनिटांचे आहे, आणि त्याच्या नावातच ते कॅनन असल्याची सूचना आहे. कॅनन म्हणजे एका आवाजाने चाल सुरू करावी, दुसऱ्याने काही अंतराने तीच चाल धरून मागून यावे आणि दोहोंच्या गुंफणीतून संगीत व्हावे, अशी जुनी पाश्चात्य रचना. कट्टर चाहते यास तबकडीचा कळस मानतात. इतर जण तो लांबला आहे असे म्हणतात. येथे आम्ही दुसऱ्या पक्षास मिळतो. मूळ चाल सुंदर आहे, वाद्यवृंदाचे रंगही समृद्ध आहेत. परंतु कॅननची गंमत मागून येणाऱ्या आवाजाने पुढच्यास अडचणीत आणावे यात असते. येथे दोघे फार सभ्यपणे एकामागून एक चालतात. ‘धीर धरून ऐका, म्हणजे कळेल’ असे कट्टर चाहते सांगतात. आम्ही धीर धरूनच ऐकले. शेवटची चार-पाच मिनिटे कमी असती तर गाण्याची भव्यता कमी न होता वाढलीच असती.

आता चाहत्यांच्या ज्या एका सवयीचा आम्हास खरोखर विषाद वाटतो तिच्याकडे वळतो. स्क्वायरची थोरवी पटविताना ते त्याच्या बोटांचा वेग सांगतात, दुसऱ्या बासवादकांशी तुलना करतात आणि क्रमांक लावतात. ज्यास वेगच दाखवावयाचा आहे असा बासवादक स्वतंत्र तबकडी काढताना आपले वाद्य पुढे काढून बाकीच्यांस मागे बसवील. स्क्वायरने तसे केले नाही. येथे बासची एकट्याची अशी लांब कसरत कोठेही नाही. पहिल्याच गाण्यात बास गिटारवादकाची रिकामी जागा घेतो. पण ती गाण्याचे ओझे उचलण्यासाठी घेतो. ऑर्गन, बासरी, सॅक्सोफोन, वाद्यवृंद, सर्वांस त्याने मोठेपणा दिला आणि आपण त्यांना वाहून नेले. नायक होण्याची संधी हाती असता साथीचा धर्म न सोडणे, ही या तबकडीची खरी नवलाई आहे. वेगाच्या कोष्टकात तिला रकाना नाही.

2018 साली या तबकडीचे नव्याने केलेले मिश्रण प्रसिद्ध झाले, तेव्हा जुना नाद बरा की नवा यावर चाहत्यांत पुन्हा जुंपली. त्या वादात पडण्याचे आम्हास प्रयोजन नाही. त्याहून मोठा प्रश्न चाहते हळहळून विचारतात तो असा: स्क्वायरने पुन्हा अशी तबकडी का काढली नाही? 27 जून 2015 रोजी तो वारला. मधल्या चाळीस वर्षांत नाताळच्या गीतांची एक तबकडी 2007 साली, आणि गिटारवादक स्टीव्ह हॅकेट यांच्या भागीदारीत एक 2012 साली, अशा तबकड्या त्याने संघाबाहेर काढल्या. यातील पहिली समूहगायनाची आहे आणि दुसरी दोघांची आहे, हे लक्षात घ्यावे. या काळात यसमध्ये गायक बदलले, गिटारवादक बदलले, पेटीवर बसणारे तर कितीतरी आले व गेले. त्याच्या हयातीतील यसच्या प्रत्येक नव्या तबकडीवर वाजविणारा असा तो एकटाच.

आमच्या मते हळहळणाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पाण्याबाहेर मासा जगू शकतो की नाही हे त्याने एकदा पाहिले. तो जगला, चांगला जगला, आणि मग समाधानाने पाण्यात परतला. ज्यास एकट्याने उभे राहता येत नाही तो संघात राहिला तर त्यास आपण दुबळा म्हणू. ज्यास उभे राहता येते हे सिद्ध झाले आहे, तो परत जाऊन पाया होतो तेव्हा त्यास दुसरे नाव दिले पाहिजे. तबकडीतील दोष लपवून त्याची कीर्ती वाढणार नाही; ती त्याविनाही पुरेशी आहे. चाहत्यांनी तिला यसची हरवलेली तबकडी म्हणणे तेवढे सोडावे, आणि ज्याची ती आहे त्याच्याच नावाने ती पुन्हा एकवार ऐकावी.