सभासद कोण? : युरोपीय संघाच्या कराराचे एक वाचन



युरोपीय संघावर बोलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, आता युरोचा भाव, आयात-निर्यात, जकात यांवर काहीतरी ऐकायला मिळणार. तो आमचा प्रांत नाही. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं. शब्दांची झडती घेणं हे आमचं काम. आज एकाच शब्दाची झडती घेऊ. तो शब्द म्हणजे ‘सभासद’.

हा शब्द आपल्या रोजच्या वापरातला आहे. आपण पतपेढीचे सभासद असतो, वाचनालयाचे असतो, गृहनिर्माण सोसायटीचे असतो. सभासद कसं व्हायचं, झाल्यावर कसं वागायचं, न वागल्यास काय होईल आणि सोडायचं असेल तर कसं सोडायचं, या चार प्रश्नांची उत्तरं कोणत्याही संस्थेच्या नियमांत असावी लागतात. आपल्या महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्यात सभासदाला काढून टाकण्याचीही तरतूद आहे. सर्वसाधारण सभेत तीन-चतुर्थांश मतं पडावी लागतात. आता हेच चार प्रश्न युरोपीय संघाच्या करारापुढे ठेवू आणि काय उत्तर मिळतं ते पाहू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५७ साली रोममध्ये सहा देशांनी करार केला : फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. दोन महायुद्धांत एकमेकांचे गळे धरलेल्या देशांनी बाजार एकत्र करायचा, म्हणजे पुन्हा युद्ध परवडणारच नाही, हा हेतू. आज सत्तावीस देश आहेत. कायद्याचा प्रस्ताव आयोग मांडतो, देशांच्या मंत्र्यांची परिषद आणि १९७९ पासून थेट निवडून येणारी संसद तो संमत करते, अर्थ लावायला न्यायालय आहे. पुष्कळसे निर्णय विशेष बहुमताने होतात : निदान ५५ टक्के देश हवेत आणि त्यांची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के हवी. पण परराष्ट्र धोरण, कर, बहुवार्षिक अंदाजपत्रक आणि नवा सभासद घेणं यांसाठी एकमत लागतं. म्हणजे एकाने ‘नाही’ म्हटलं की सगळं अडलं.

आता पहिला प्रश्न, प्रवेशाचा. कराराच्या दुसऱ्या कलमात मूल्यं सांगितली आहेत : मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचं राज्य, मानवी हक्क. एकोणपन्नासावं कलम म्हणतं, जो युरोपीय देश ही मूल्यं मानतो तो अर्ज करू शकतो. १९९३ साली कोपनहेगनला त्याच्या कसोट्या आणखी स्पष्ट केल्या. परीक्षा कडक आहे, आणि ती कडक असावी याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

उत्तर मॅसेडोनियाचं उदाहरण घ्या. २००५ साली हा देश अधिकृत उमेदवार झाला. ग्रीस म्हणालं, मॅसेडोनिया हे नाव आमच्या प्रांताचं आहे, ते बदला. वर्षानुवर्षं रखडल्यावर २०१९ साली त्या देशाने खरोखर स्वतःचं नाव बदललं. श्रोतेहो, नाव! त्यानंतर त्याच वर्षी फ्रान्सने वाटाघाटी अडवल्या. २०२० साली बल्गेरियाने अडवल्या, आणि यावेळी वाद काय, तर तुमची भाषा ही मुळात आमच्याच भाषेचं एक रूप आहे हे मान्य करा. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, या वादाची धग गोव्यात ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही मागणी किती खोल लागते हे वेगळं सांगायला नको. वाटाघाटींची औपचारिक सुरुवात झाली २०२२ च्या जुलैत, तीही राज्यघटना दुरुस्त करण्याची नवी अट घेऊन.

यात लोकशाहीची परीक्षा कुठे आहे? कायद्याच्या राज्याची कुठे आहे? दारावर लिहिलंय ‘मूल्यं’, पण दार अडवून उभा आहे शेजाऱ्याचा जुना हिशेब. कसोटी सगळ्यांनी मिळून ठरवलेली, आणि नापास करण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाचा खाजगी! परीक्षक सत्तावीस असोत, हरकत नाही; पण प्रत्येकाने आपापली प्रश्नपत्रिका खिशातून काढायची, याला परीक्षा म्हणत नाहीत.

दुसरा आणि तिसरा प्रश्न एकत्र घेऊ : आत आल्यावर कसं वागायचं, आणि न वागल्यास काय? इथे सातवं कलम आहे. एखादा देश दुसऱ्या कलमातली मूल्यं गंभीरपणे आणि सातत्याने मोडतो आहे, असं बाकीच्या सगळ्या देशांच्या नेत्यांनी एकमताने ठरवलं, तर त्याचा मतदानाचा हक्क स्थगित करता येतो. काढून टाकण्याची तरतूद मात्र मुळातच नाही. आपल्या सोसायटीत आहे, युरोपीय संघात नाही.

हे कलम प्रत्यक्षात कसं चाललं? न्यायव्यवस्थेवरच्या सरकारी हस्तक्षेपावरून आयोगाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये पोलंडविरुद्ध ही प्रक्रिया सुरू केली. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये संसदेने हंगेरीविरुद्ध केली. पण एकमत म्हणजे आरोपी सोडून सगळे. आरोपी दोन झाले की काय होणार? पोलंडवर कारवाई आम्ही होऊ देणार नाही, असं हंगेरीने उघड सांगितलं. एकाची ढाल दुसरा. पोलंडवरची प्रक्रिया अखेर २०२४ साली मागे घेतली गेली. पण त्याचं श्रेय कलमाला नाही, २०२३ च्या निवडणुकीत सरकार बदलणाऱ्या पोलिश मतदारांना आहे.

मग संघाने दुसरी वाट काढली, पैशाची. मूल्यं पाळत नाही, तर निधी थांबवू. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हंगेरीचे सुमारे ६.३ अब्ज युरो गोठवले गेले. उपाय लागू पडला, हे कबूल केलं पाहिजे. पण पुढच्याच वर्षी काय झालं पाहा. १३ डिसेंबर २०२३ ला आयोगाने हंगेरीचा दुसरा, सुमारे १० अब्ज युरोंचा अडकलेला निधी मोकळा केला. दुसऱ्याच दिवशी युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू कराव्यात का, यावर नेत्यांची बैठक होती. त्या बैठकीत निर्णयाच्या वेळी हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेतला. न्यायव्यवस्थेत सुधारणा झाल्या म्हणून निधी दिला, असं आयोगाचं म्हणणं. संसदेला ते पटलं नाही. ती आयोगाविरुद्ध न्यायालयात गेली. खरं-खोटं आम्ही ठरवत नाही. आमचा मुद्दा तात्त्विक आहे. ज्या मूल्याची किंमत युरोत मोजता येते, ते मूल्य सौद्यात उतरलं अशी शंका घेतली जाणारच. एकमताचा नियम तसाच ठेवून पैशाचा चाबूक हाती घेतला, की नकाराधिकार हीच विकायची वस्तू होऊन बसते.

हा पेच कुणाच्या वाईट हेतूतून आलेला नाही. तो फार जुना आहे. १७९५ साली इमॅन्युएल कांटने ‘शाश्वत शांतते’वरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात तो दोन गोष्टी मागतो : प्रत्येक राज्याची घटना प्रजासत्ताक असावी, आणि अशा स्वतंत्र राज्यांचा संघ व्हावा. शिवाय आणखी एक अट घालतो, की कोणत्याही राज्याने दुसऱ्याच्या घटनेत आणि राज्यकारभारात बळाने ढवळाढवळ करू नये. वाचताना आपण मान डोलावतो. पण उद्या संघातलं एखादं राज्य प्रजासत्ताक उरलंच नाही तर? स्वतंत्र म्हणून त्याला हात लावायचा नाही, आणि प्रजासत्ताक नाही म्हणून संघ तर पोकळ होत चालला. कांट हा प्रश्न मोकळा सोडतो. सातवं कलम म्हणजे ती मोकळी जागा भरण्याचा प्रयत्न आहे, आणि ती भरली गेलेली नाही.

योगायोग असा, की ज्या वर्षी तो निबंध छापला गेला, त्याच १७९५ साली कांटच्या शेजारचं पोलंडचं राज्य नकाशावरून पुसलं गेलं. तिथल्या सरदारांच्या सभेत एका सभासदाच्या नकाराने अख्खं अधिवेशन मोडता येत असे. त्यांना तो स्वातंत्र्याचा कळस वाटायचा. शेजारच्या सत्तांना कळलं, की सगळी सभा विकत घ्यायची गरज नाही, एक माणूस पुरतो. १७९१ च्या घटनेने तो हक्क रद्द केला, पण फार उशीर झाला होता. त्या राज्याच्या ऱ्हासाची कारणं अनेक. पण हे त्यांतलं एक नक्कीच.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. माल्टाची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात, जर्मनीची आठ कोटींच्या वर. नकाराधिकार काढून घेतला तर लहानांनी कशाच्या आधारावर बसायचं? बरं, नकाराधिकाराचा हट्ट लहानांनीच धरला असंही नाही. १९६३ आणि १९६७ मध्ये ब्रिटनचा प्रवेश फ्रान्सच्या द गॉल यांनी अडवला, आणि १९६५ साली बहुमताच्या मतदानाला विरोध म्हणून बैठकीतली फ्रान्सची खुर्ची कित्येक महिने रिकामी ठेवली. म्हणजे एकमताने दुबळ्याचं रक्षण होतं हे अर्धं सत्य. बलवानाचीही सोय होते हे उरलेलं अर्धं.

आमच्या मते इथे एक भेद करायला हवा. स्वतःच्या घरात काय व्हावं याला नकार देणं वेगळं, आणि दुसऱ्याच्या घरात काय व्हावं याला नकार देणं वेगळं. माल्टाने आपल्या करपद्धतीबद्दल ‘नाही’ म्हणावं, ते समजू शकतं. पण उमेदवाराची परीक्षा एकदा सगळ्यांच्या कसोटीवर सुरू झाली, की मधल्या प्रत्येक पायरीवर एकेकट्याचा नकार असू नये. शेवटी करारावर सही करताना असावा. आणि ज्याच्यावर स्वतःवर सातव्या कलमाची प्रक्रिया चालू आहे, त्याने दुसऱ्या आरोपीच्या निवाड्यात मत देऊ नये. हा काही क्रांतिकारक विचार नाही. गावच्या पंचायतीतही एवढं कळतं.

चौथा प्रश्न, बाहेर पडण्याचा. इथे मात्र करार आश्चर्यकारक उदार आहे. पन्नासाव्या कलमाने कोणताही देश आपल्या इच्छेने बाहेर पडू शकतो. २०१८ साली न्यायालयाने तर सांगितलं, की सूचना दिल्यावरही देश ती एकतर्फी मागे घेऊ शकतो. ब्रिटनने २०१६ ला सार्वमत घेतलं, ३१ जानेवारी २०२० ला तो बाहेर पडला. देशाच्या इच्छेचा पूर्ण मान राखला गेला. आणि माणसांच्या?

इथे आपल्या जवळची गोष्ट सांगतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं. पोर्तुगाल १९८६ साली संघात आला. त्यामुळे सासष्टीतला एखादा तरुण लिस्बनमध्ये जन्मनोंद करून युरोपचा नागरिक झाला, आणि पोर्तुगालमध्ये राहण्याऐवजी इंग्लंडमध्ये, स्विंडनसारख्या गावी कामाला गेला. त्या हक्कासाठी त्याने भारताचं नागरिकत्व सोडलं. मग सार्वमत आलं. त्याचं भवितव्य ठरवणाऱ्या त्या मतदानात त्याला मत नव्हतं, कारण तो पोर्तुगीज. आणि त्याच्याच शेजारी राहणारा, भारतीय पासपोर्टवरचा पुण्याचा किंवा मडगावचा माणूस मत देऊ शकत होता. कारण तो राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक! ज्याचा युरोपशी काही संबंध नाही त्याला मत, आणि जो युरोपचा नागरिक त्याला नाही. पुढे राहायचं तर ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करा, एवढंच त्याला सांगण्यात आलं.

उलट बाजूला युरोपात राहणाऱ्या ब्रिटिशांचंही तेच. २०२२ साली न्यायालयाने निर्णय दिला, की देश बाहेर पडला म्हणजे त्याच्या नागरिकांचं युरोपीय नागरिकत्वही गेलं. एखादा कितीही वर्षं फ्रान्समध्ये राहत असो. कायद्याने हे बरोबरच आहे. करारात स्पष्ट म्हटलंय, की संघाचं नागरिकत्व देशाच्या नागरिकत्वाला जोडून येतं, त्याच्या जागी येत नाही.

म्हणजे झडतीत सापडलं ते असं. संघाचा सभासद देश आहे, माणूस नाही. माणूस हा सभासदाच्या घरातला पाहुणा; यजमान उठला की पाहुण्यानेही उठायचं. हंगेरीत न्यायालयांवर दडपण आलं तर तिथला नागरिक दाद मागतो ती मूल्यांच्या नावाने, आणि त्याला उत्तर मिळतं ते देशांच्या एकमताच्या नियमाने. प्रवेशाला कठोर, निर्गमनाला उदार, आणि मधल्या सगळ्या मुक्कामात, जिथे माणसं खरोखर राहतात तिथे, दुबळा. ही आमची या करारावरची टीका.

तरीही एक गोष्ट विसरू नये. रोमच्या करारावर सह्या करणारे ते सहा देश त्यानंतर एकमेकांशी लढले नाहीत. ज्या पिढीने हा करार केला तिला आपली मुलं रणांगणावर पाठवायची नव्हती, आणि ते तिला साधलं. म्हणूनच ही टीका घर पाडा म्हणणाऱ्यांच्या बाजूची नाही. घरातल्या माणसांची नावंही सभासदांच्या वहीत लिहा, एवढंच आमचं म्हणणं.