मनकवड्यांच्या प्रेमकथा

‘मनकवडा’ हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. डोकं दुखतंय हे न सांगता कुणी आल्याचा चहा पुढे ठेवला, की आपण म्हणतो, ‘अगदी मनकवडा आहेस हो!’ पण चहा ठेवणाऱ्याला खरोखरच आपल्या मनातलं सगळं ऐकू येत असेल तर? सासूबद्दलचं, त्याच्या घोरण्याबद्दलचं, लग्नाआधी नाकारलेल्या स्थळाबद्दलचं? तसा माणूस घरात एक दिवसही सोसवणार नाही. भविष्यकाळात घडणाऱ्या आणि अतींद्रिय शक्तींनी भरलेल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांचा सगळा संसार या कौतुकाच्या आणि या धास्तीच्या मधल्या जागेत चालतो.

मी या कादंबऱ्यांकडे वळलो तो रद्दीतून. वजनावर घेतलेल्या गठ्ठ्यात एक निघाली. मुखपृष्ठ इतकं भडक, की बसमध्ये वाचताना वर्तमानपत्राचं कव्हर घालावं लागलं. आत मात्र एक चांगला प्रश्न होता.

तो प्रश्न असा. साधी प्रेमकादंबरी नायकाच्या बंद मनावर उभी असते. तो तुसडा का वागतो, त्याच्या मनात नेमकं काय आहे, हे नायिकेला कळत नाही म्हणून तीनशे पानं होतात. जॅनिस रॅडवे यांनी 1984 साली ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये नियमित वाचक असलेल्या बायकांशी बोलून हेच दाखवलं : नायकाचा कठोरपणा म्हणजे दडवलेली माया आहे असा अर्थ लावायला वाचक शिकते, आणि त्या अर्थ लावण्यातच तिला समाधान मिळतं. मग नायिकेला थेट मन वाचता आलं, तर कादंबरी दहाव्या पानावर संपायला हवी. ती संपत नाही. लेखिका ती कशी लांबवते, यावरून तिची कुवत ओळखावी.

मन वाचण्याचं हे हत्यार मुळात प्रेमकथेचं नव्हे. ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन पंचवीस पत्त्यांचा जोड आणि पाच चिन्हं घेऊन लोकांना न बघता पत्ते ओळखायला लावत. त्यांचं पुस्तक 1934 साली आलं. पुढे जॉन कॅम्बेल या संपादकाने ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथांच्या मासिकातून मनःशक्तीच्या कथांचा रतीबच घातला. कादंबरीसाठीचा पहिला ह्यूगो पुरस्कार 1953 साली आल्फ्रेड बेस्टरच्या ‘द डिमॉलिश्ड मॅन’ला मिळाला, मन वाचणाऱ्या पोलिसांच्या राज्यात खून कसा करायचा, ही तिची गोष्ट. नंतर प्रयोगशाळेतले निकाल टिकेनात, आणि वैज्ञानिक म्हणवून घेणाऱ्या कथेला हे सामान अडचणीचं वाटू लागलं. तिने अडगळीत टाकलेलं हत्यार बायकांनी उचललं. अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या ‘वेअर सर्च’ (1967) या कथेत लेसाचं मन तिच्या ड्रॅगनशी जोडलं जातं. न बोलता समजणारा, कधी न सोडणारा, गरज पडली तर उडवून नेणारा असा हा जोडीदार आहे. लेसाला माणूस-नायकही मिळतो, पण खरं प्रेमप्रकरण ड्रॅगनशीच आहे. या प्रकाराचं मूळ आकर्षण इतकं उघडं क्वचितच दिसतं.

प्रेमकथा म्हणूनच लिहिलेल्या भविष्यकथांचा पाया घातला जेन अ‍ॅन क्रेन्ट्झ यांनी, 1986च्या ‘स्वीट स्टारफायर’पासून. बाई शिक्षणाने ग्रंथपाल, आणि डोकं हिशेबी. आजच्या काळातल्या कथा स्वतःच्या नावाने, ऐतिहासिक कथा अमँडा क्विक या नावाने आणि भविष्यातल्या कथा जेन कॅसल या माहेरच्या नावाने. त्यांची ‘अमॅरिलिस’ (1996) मला अजून आवडते. पृथ्वीशी संबंध तुटलेल्या सेंट हेलेन्स नावाच्या ग्रहावर माणसांत मनःशक्ती उपजली आहे, पण निसर्गाने एक खोडी करून ठेवली आहे. ज्याच्याकडे शक्ती आहे, त्याला ती एकट्याने नीट वापरता येत नाही. ती एकवटायला ‘प्रिझम’ असलेला दुसरा माणूस लागतो, आणि त्या माणसाकडे स्वतःची दुसरी शक्ती नसते. प्रिझम तासाच्या दराने भाड्याने मिळतात. अमॅरिलिस अशीच नोकरी करणारी, नाकासमोर चालणारी मुलगी. ल्यूकस ट्रेन्ट आपल्या शक्तीची खरी ताकद लपवून कामासाठी तिच्याकडे येतो. दोघांची मनं जुळताच कार्यालयीन कामात भलतीच जवळीक जाणवते, आणि ती लाजेने लाल होते. मन वाचणं इथे नाहीच. इथे आहे ते परस्परांवाचून अडणं, आणि त्यावर तासाचं बिल!

त्याच ग्रहावर लग्नं जुळवतात ती संस्थांमार्फत, प्रश्नावली भरून, कारण लग्न मोडणं जवळजवळ अशक्य. अमेरिकी वाचकाला ही अफलातून कल्पना वाटली असेल. आपल्याला तो सरळ वधू-वर सूचक केंद्राचा फॉर्म वाटतो, फक्त गोत्र-नाडीच्या जागी मनःशक्तीची जात.

पुढची ‘हार्मनी’ मालिका ‘आफ्टर डार्क’पासून (2000) जोरात सुरू झाली : अंबरच्या खड्याने शक्ती एकवटणारे लोक, परग्रहवासीयांची भुयारं, त्यांत भटकणारी ऊर्जेची ‘भुतं’, आणि सहा पायांचे, चार डोळ्यांचे केसाळ डस्ट बनी. पहिल्या दोन-तीन पुस्तकांत डस्ट बनी मजेदार आहे. नंतर तोच मालिका ओढतो आणि शक्ती हे नुसतं ओळखपत्र उरतं. त्यापेक्षा त्यांची ‘व्हाइट लाइज’ (2007) बरी. ती आजच्या काळात घडते, पण मुद्दा नेमका पकडते. नायिकेला समोरचा खोटं बोलतोय हे तत्क्षणी कळतं. आणि खोटं सगळेच बोलतात, दिवसभर, बहुतेकदा सौजन्यापोटी. तेव्हा प्रेम करायचं तर सत्यवचनी माणूस शोधण्यापेक्षा खोट्या-खोट्यातला फरक शिकणं तिला भाग पडतं.

पण या सगळ्यांत मला वरचढ वाटतात त्या नलिनी सिंग. जन्म फिजीतला, वाढल्या न्यूझीलंडमध्ये. ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ (2006) ही त्यांच्या ‘साय-चेंजलिंग’ मालिकेची पहिली कादंबरी. साल 2079. मनःशक्ती असलेल्या ‘साय’ लोकांमध्ये वेड आणि हिंसा इतकी माजली होती, की त्यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनाच बंद करून टाकल्या. लहानपणापासून मुलांना काहीही न वाटण्याचं वळण लावायचं. या व्यवस्थेचं नाव ‘सायलेन्स’. सगळ्यांची मनं एका जाळ्याला जोडलेली, आणि ते तुटलं तर मरण. साशा डंकन ही त्यांच्यातली मोठ्या घरची मुलगी. तिच्या आत काहीतरी हलतं, आणि तिला वाटतं आपण बिघडलेलो आहोत. ती चेहरा गार ठेवून बैठकीत बसते. समोर माणसातून बिबट्या होणारा ल्यूकस हंटर. व्यवहार घरबांधणीचा. तिला त्याच्या मनात शिरायचंच नसतं. धडपड असते ती स्वतःचं मन आईच्या नजरेपासून वाचवण्याची.

म्हणजे दार उलटं बसवलं आहे. नेहमीच्या कादंबरीत पुरुष गप्प आणि थंड असतो, इथे थंडपणा बाईच्या वाट्याला दिला आहे. पुढे कळतं की साशाचा बिघाड म्हणजेच तिची शक्ती. दुसऱ्याचं दुःख ओढून घेणारी तिची जात नोंदींमधूनच पुसून टाकली होती. नंतरच्या पुस्तकांत ते जाळं कुजायला लागतं, कारण त्याला धरून ठेवणारी माया उपटून काढलेली असते. एका प्रेमकथेतून सुरू झालेला विचार राज्यव्यवस्थेपर्यंत गेला. खंडामागून खंड लिहिणाऱ्या लेखिकेकडून एवढी शिस्त मी अपेक्षिली नव्हती. दोष आहेत. ‘मेटिंग बॉन्ड’ नावाचं एक बंधन ऐन वेळी येऊन सगळं सोडवतं, आणि नायकांचं गुरगुरणं फार आहे.

त्या बंधनानेच पुढे घात केला. रूबी डिक्सन यांनी 2015 साली स्वतः प्रकाशित केलेली ‘आइस प्लॅनेट बार्बेरियन्स’ काही वर्षांनी टिकटॉकमुळे गाजली, आणि मोठ्या प्रकाशनाने ती पुन्हा छापली. तिथे शरीरात राहणारा एक जीव छातीत घुमू लागतो आणि जोडीदार ठरवून टाकतो. वाचायला मजा येते, नाही म्हणत नाही. पण मनाचं कामच संपलं. क्रेन्ट्झची अमॅरिलिस आणि सिंगची साशा निवड करतात, नि त्या निवडीची किंमतही मोजतात. इथे पत्रिका पोटातच छापून आली आहे. आज या प्रकारात जे भरमसाट येतं, त्यातलं पुष्कळसं याच वळणाचं आहे : शक्ती सजावटीला, जोडी आधीच ठरलेली.

मराठीत हे का नाही, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. सामान घरातच आहे. पतंजलीने ‘परचित्तज्ञान’ सिद्धींमध्ये गणलं आणि सिद्धी समाधीच्या आड येतात हेही बजावलं. नलिनी सिंगची अर्धी मालिका त्याच इशाऱ्यावर चालली असती. नारायण धारपांचा समर्थ मनाच्या बळावर दुष्ट शक्तींशी लढला, पण संसाराच्या भानगडीत पडला नाही. जयंत नारळीकरांपासूनच्या विज्ञानकथेने प्रेमाला बहुधा उपकथानकाची खुर्ची दिली. आपल्याकडे भीती, विज्ञान आणि शृंगार यांची कपाटं वेगळी ठेवायची रीत आहे, आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे आहेत.

या वाटेला जायचं असेल, तर नवं, गाजतंय म्हणून हाती येईल ते घेऊ नका. आधी ‘अमॅरिलिस’, मग ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’. कव्हर घालायला वर्तमानपत्र मात्र जवळ ठेवा.