अंगण टिकले, कौले गेली

घराच्या रचनेची खरी परीक्षा ते बांधून झाल्याच्या दिवशी होत नसते. वास्तुरचनेवरचे लेखन मात्र बहुधा त्याच दिवसाच्या छायाचित्रांपाशी थांबते. रंग ताजा असतो, माणसे अजून राहायला आलेली नसतात आणि 'निसर्गाशी सुसंगत' असे प्रशस्तिपत्र देऊन समीक्षक मोकळा होतो. नवी मुंबईत बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी, चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी उभारलेली 'आर्टिस्ट्स व्हिलेज' ही वस्ती अशीच नावाजली गेली. आता मधे सुमारे चार दशके गेली आहेत. कोरिया २०१५ मध्ये निवर्तले. रहिवाशांनी वस्तीत भरपूर फेरफार केले आहेत. म्हणूनच तिची परीक्षा घ्यायला हीच वेळ योग्य आहे, असे आम्हाला वाटते.

आराखड्याचे सूत्र शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. सुमारे ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरे. असे तीन गट मिळून, म्हणजे २१ घरांमध्ये, सुमारे १२ मीटरचा एक चौक. असे तीन चौक मिळून ६३ घरांची आणखी मोठी मोकळी जागा. शेवटी साऱ्या वस्तीची सार्वजनिक जागा, तीही वस्तीतून वाहणाऱ्या लहानशा ओढ्याच्या कडेने. ओढा बुजवून जमीन 'मिळवण्याचा' मोह इथे टाळला गेला.

आता थोडे गणित करू. ८ मीटरचे अंगण म्हणजे ६४ चौरस मीटर. सात घरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ९ चौरस मीटर येतात, म्हणजे ३ मीटर बाय ३ मीटरची एक खोली. ही जागा प्रत्येकाला घरामागे वेगळी दिली असती, तर दोरीवर कपडे वाळत घालण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नसता. सात वाटे एकत्र केल्यावर मात्र तिथे मुले खेळतात, लग्नाचा मांडव पडतो, एखादे मोठे झाड वाढू शकते. देणे ९ चौरस मीटरचे आणि घेणे ६४ चे! कोरियांच्या हिशेबाने इथली दाटी हेक्टरी सुमारे ५०० माणसांची होती, म्हणजे रस्ते आणि शाळा धरून माणशी २० चौरस मीटर. एवढ्या दाटीसाठी उंच इमारतीच हव्यात, हा समज बैठ्या घरांच्या या वस्तीने खोटा पाडला. शिवाय भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या मर्यादेत ठेवले होते. उत्पन्नात कितीही फरक असला, तरी जमिनीत फार फरक नाही, ही त्यामागची भूमिका होती.

घरे विटांच्या भिंतींची आणि उतरत्या कौलारू छपरांची होती, गावच्या गवंड्याला आणि सुताराला बांधता येतील अशी. कोकणपट्टीच्या हवेत या छपराला शास्त्रीय आधार आहे. कोरड्या प्रदेशात दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो; तिथे जाड भिंती रात्रीचा गारवा साठवून दिवसा उपयोगी पडतात. समुद्रकाठी हा फरक कमी असतो आणि हवा दमट असते. घाम वाळला तरच शरीर थंड होते, आणि दमट हवेत घाम वाळवायला वारा लागतो. कौलांच्या फटींतून वर गेलेली गरम हवा बाहेर पडते. पुढे आलेल्या पागोळ्यांमुळे पाऊस आत येत नाही, म्हणून भर पावसाळ्यातही खिडकी उघडी ठेवता येते. काँक्रीटचा सपाट स्लॅब याच्या उलट वागतो. दिवसभर उन्हात तापतो आणि संध्याकाळी, नेमके माणसे घरी परततात तेव्हा, ती उष्णता खोलीत सोडू लागतो.

असे असूनही कौले टिकली नाहीत. इथली अनेक मूळ घरे पाडून त्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटची घरे उभी राहिली आहेत. यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. 'लोकांनी चांगल्या वस्तीची वाट लावली,' हा त्यांचा सूर आम्हाला पटत नाही. घर वाढवता यावे, हा तर आराखड्याचा मूळ हेतूच होता. शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नव्हती ती यासाठीच. कुटुंब वाढले, हातात पैसा आला, तसे लोकांनी घर वाढवले. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात दर उन्हाळ्याच्या अखेरीस कौले शाकारावी लागतात. शहरात शाकारणारा माणूस शोधायचा कुठे? स्लॅब एकदा घातला की निदान काही वर्षे डोक्याला ताप नाही, असा हिशेब कुणीही करील.

दोष असेलच तर आराखड्यात आहे, आणि तो लहान नाही. वाढण्याचे स्वातंत्र्य दिले, पण वाढ कशी झाली तर वारा आणि सावली शाबूत राहील, हे घरमालकाच्या हाती दिले नाही. ८ मीटर रुंद अंगणाच्या कडेला ३-४ मीटर उंच भिंत असते तेव्हा उंची रुंदीच्या निम्म्याहून फार नसते. तीच भिंत ९ मीटर झाली की उंची रुंदीला मागे टाकते. सावली वाढते हे खरे, पण आकाश आणि वारा दोन्ही आक्रसतात. दमट हवेत हा सौदा तोट्याचा आहे. दुसऱ्या मजल्याचे दोन-तीन नमुने, स्लॅबलाही रुंद छज्जा, वर कौलांचे दुसरे छप्पर, एवढे मार्गदर्शन सुरुवातीपासून घराबरोबर मिळाले असते तर चित्र बदलले असते, असे आमचे मत आहे.

तरीही ही वस्ती आम्ही यशस्वी मानतो, कारण घरे बदलली तरी अंगणे आणि चौक बहुतांशी राहिले. अंगण कुणा एकाच्या भूखंडात नाही, पण सात दारांच्या नजरेत आहे. शंभर घरांचे मैदान कुणाचेच नसते. सात घरांचे अंगण सगळ्यांचे असते. कौलांमागचे ज्ञान मात्र एकेका कुटुंबाच्या खर्चावर आणि सवडीवर सोडले होते, आणि ते हरवले. 'टिकाऊ' हा शब्द वीट, माती, बांबू अशा साहित्याला आपण सहज चिकटवतो. बेलापूर सांगते की साहित्याइतकाच प्रश्न निगा कोण राखणार हा आहे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. विद्यार्थ्यांना आपल्या आळीची रुंदी आणि घरांची उंची मोजून गुणोत्तर काढू द्यावे. संध्याकाळी सात वाजता कौलारू खोलीत आणि स्लॅबच्या खोलीत छताजवळचे तापमान नोंदवून त्यांची तुलना करावी. पहिला मोठा पाऊस पडल्यावर मातीच्या अंगणातले आणि फरशीच्या अंगणातले पाणी किती वेळात आणि कुठे जाते, ते पाहावे. मग एकच प्रश्न विचारावा: आपल्या आळीत सात घरांनी मिळून सांभाळलेली अशी कोणती जागा आहे? उत्तर 'नाही' असे आले, तर ती कुठे होऊ शकेल याचा नकाशा मुलांनीच काढावा.