रानातला दंड आणि ९.८ गुण

मी संगणकाचा माणूस नव्हे. जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. पण नातवाने एक नोंद वाचायला दिली आणि मी तिथंच अडकलो.

'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणजे काय? शहाडच्या तिकीट खिडकीवर एकाने अर्धा तास हुज्जत घातली, तर चोरी होत नाही. मागची रांग खोळंबते, एवढंच. सॉफ्टवेअरमधल्या अशा त्रुटीला सीव्हीई क्रमांक देतात. पद्धत १९९९ पासूनची. २०२१ पासून आपली सर्ट-इनही हे क्रमांक देते.

आता नोंद, सीव्हीई-२०२०-१९९०९. 'कर्ल' हे डेटा ने-आण करणारं ओपन सोर्स साधन. 'पुन्हा प्रयत्न करण्याआधी इतके सेकंद थांब' असं त्याला सांगता येतं. आकडा अवाढव्य दिला, तर सेकंदांचे मिलिसेकंद करताना हिशेब चुकतो आणि थांबण्याचा काळ भलताच छोटा होऊ शकतो. चूक खरी, २०१९ मध्येच ती दुरुस्तही झाली. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये नोंद अवतरली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय त्रुटी-कोशाने तिला दहापैकी ९.८ गुण दिले! कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी जाहीर हरकत घेतल्यावर गुण ३.३ झाले. पुढे पुस्तीही जोडली गेली: तत्त्वतः सेवा ठप्प होऊ शकते, पण फारसं संभवत नाही, कारण वापरणाऱ्यानेच कर्लला आठवडेच्या आठवडे थांबायला सांगितलेलं असावं लागतं.

आमचे नैयायिक इथे हसले असते. दंड हे घटाचं कारण. पण रानात पडलेला दंड? त्याच्यात योग्यता आहे, घट मात्र त्याने घडवलेला नाही. त्याला ते 'स्वरूपयोग्य' म्हणतात, आणि चाक खरंच फिरवणाऱ्याला 'फलोपधायक'. या नोंदीतलं 'शकते' हे क्रियापद दोन्हींवर एकाच दमात बसतं. चाक कोण फिरवतो, हे नोंद सांगतच नाही. माझा आक्षेप आकड्यापेक्षा या मौनावर आहे.

उलट उदाहरण पाहा. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली. कारण, एका मजकुरातल्या सलग सुमारे २०,००० मोकळ्या जागा! त्यांच्याच कोडमधला एक शोध-नमुना प्रत्येक जागेपासून नव्याने मोजू लागला. सुमारे २० कोटी तपासण्या झाल्या. त्यांनी हे सगळं, बेरजेसकट, लिहून ठेवलंय. कर्ता, करण, फळ, तिन्ही हजर. मी याला उत्तम गद्य म्हणेन.

कर्ल जानेवारी २०२४ पासून स्वतःचे सीव्हीई क्रमांक स्वतःच देतं. खोट्या नोंदी त्यामुळे थांबतील, हे मान्य. पण आरोपीच पंचनामा लिहिणार, हे मला अजून पचलेलं नाही.