पानाचा भार वाचकावर नको

तारकर्लीत राहायची सोय कुठे होईल, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसात सुरू असतात का, आज समुद्रात लाटांची उंची किती आहे, सातबाऱ्यावर नोंद झाली का: मालवण किनाऱ्यावर राहणारा किंवा तिथे येऊ पाहणारा माणूस वेबसाइटकडे वळतो तो बहुधा अशा प्रश्नांसाठी. उत्तर चार ओळींत मावते. तरीही गेल्या दशकभरात वेबसाइट घडवण्याची कला अशा वळणाने गेली आहे, की त्या चार ओळी दिसण्याआधी वाचकाच्या फोनला एक सबंध प्रोग्राम उतरवून घ्यावा लागतो आणि चालवून पाहावा लागतो. या कलेने अफाट मजल मारली हे खरेच आहे. पण जे पान केवळ वाचायचे आहे, ते वाचता येईल अशा रूपातच पाठवायला हवे. त्या प्रोग्रामची, म्हणजे जावास्क्रिप्टची, जागा त्यानंतरची. हा साधा क्रम मोडल्याची किंमत सर्वांत जास्त मोजतो तो कमी रेंजमधला, स्वस्त फोनवरचा वाचक.

हा क्रम एका दिवसात मोडला नाही. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तेव्हा तिच्याकडून अपेक्षा होती ती फॉर्म तपासण्यासारख्या बारीकसारीक कामांची. २००४ मध्ये जीमेल आले आणि पान पुन्हा न उघडता त्यातला मजकूर बदलता येतो हे जगाने पाहिले; पुढच्याच वर्षी या पद्धतीला एजॅक्स हे नाव मिळाले. २०१० मध्ये अँग्युलर आणि २०१३ मध्ये फेसबुकची रिअ‍ॅक्ट ही साधने खुली झाली. ज्या पानावर शेकडो गोष्टी क्षणाक्षणाला बदलतात, तिथे ही साधने खरोखर मोलाची आहेत. पुढे मात्र तीच पद्धत सर्वत्र सवयीने वापरली जाऊ लागली. चार खोल्यांच्या न्याहारी-निवासाची माहिती सांगणारे पानही रिअ‍ॅक्टच्या चौकटीत बांधले जाऊ लागले. पाहुण्यापुढे वाढलेले ताट ठेवण्याऐवजी त्याच्या हाती शिधा, चूल आणि कृतीचा कागद द्यावा, तसा हा व्यवहार आहे. सर्व्हरने एकदाच करायचे काम प्रत्येक वाचकाच्या फोनला नव्याने करावे लागते.

या कामाचे मोजमाप उपलब्ध आहे. २०२४ च्या वेब अल्मनॅक या वार्षिक पाहणीनुसार मोबाइलवरच्या मध्यक पानासोबत सुमारे साडेपाचशे किलोबाइट जावास्क्रिप्ट येते. एका मेगाबिटच्या वेगाने ते उतरायलाच साडेचार सेकंद लागतात, आणि हा आकडा दाबून पाठवलेल्या फाइलींचा आहे. फोनमध्ये उलगडल्यावर त्या कितीतरी पट मोठ्या होतात. यावर नेहमी असे म्हटले जाते, की फोटो याहून जड असतात, मग जावास्क्रिप्टलाच दोष का? कारण दोन्हींचे किलोबाइट सारखे नसतात. फोटो उतरला की उलगडून पडद्यावर मांडला जातो आणि तो यायला उशीर झाला तरी शेजारचा मजकूर वाचता येतो. जावास्क्रिप्ट मात्र उतरल्यावर वाचावी लागते, यंत्राच्या भाषेत आणावी लागते आणि मग चालवावी लागते. यातले चालवण्याचे काम होते ते बोटाच्या स्पर्शाला उत्तर देणाऱ्या मुख्य धाग्यावरच. म्हणून महागड्या फोनवर सुरळीत वाटणारे पान स्वस्त फोनवर अडखळते: बटण दाबले तरी हलत नाही, आणि माणूस ते पुन्हा पुन्हा दाबत राहतो.

मालवण ज्यात येते त्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात याला भूगोलाचीही जोड आहे. सह्याद्रीचे उतार, जांभ्याचे सडे, त्यांच्यामधल्या खोल वाड्या आणि खाड्या असा हा मुलूख. टॉवर सड्यावर आणि वस्ती खाली असली, की शंभर पावलांत रेंज येते आणि जाते. गणपतीत चाकरमानी गावी आले आणि मे महिन्यात पर्यटक लोटले, की तेवढ्याच टॉवरवर कितीतरी फोनांचा ताण पडतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने हा किनारा झोडपला, तेव्हा अनेक गावे वीज गेल्याने अंधारात राहिली. अशा वेळी उरलेली बॅटरी आणि तुटक रेंज हेच माहितीचे साधन असते. अशा ठिकाणी अडचण वेगापुरती राहत नाही. रेंज मध्येच तुटली, तर मजकुराने बनलेले पान अर्धे तरी वाचता येते. जावास्क्रिप्टवर उभे असलेले पान मात्र एक फाइल अडकली की कोरे राहते. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३ मध्ये तपासले, तेव्हा १.१ टक्के भेटींत जावास्क्रिप्ट चालली नव्हती. एकूण भेटींपैकी फक्त ०.२ टक्क्यांत ब्राउझरमध्ये ती बंद होती किंवा चालण्याजोगी नव्हती, उरलेल्या ०.९ टक्क्यांमागे इतर कारणे होती. ही नोंद ब्रिटनमधली आहे; इथल्या दऱ्याखोऱ्यांत धोका त्याहून कमी असेल असे मानायला काहीच आधार नाही.

मराठी पानांचा विचार वेगळा करायला हवा. प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक. तरीही हजार शब्दांचा मराठी लेख साधारण वीस किलोबाइटचा होतो आणि दाबून पाठवल्यावर त्याहून बराच लहान. जोडणी नवी असताना सर्व्हर पहिल्या फेरीत सुमारे १४ किलोबाइट पाठवतो. म्हणजे नीट बांधलेल्या मराठी पानाचा बराचसा मजकूर पहिल्याच फेरीत वाचकापर्यंत पोचू शकतो. जड असतात ते फाँट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल मोठी होते आणि शोभेसाठी तीन-चार जाडींचे फाँट जोडले, की लेखाच्या कितीतरी पट भार चढतो. अँड्रॉइड फोनमध्ये वाचनीय देवनागरी फाँट आधीच असतो. मराठी वेबने हा अनुभव पूर्वीही घेतला आहे: युनिकोड रुळण्याआधी वर्तमानपत्रांच्या साइटींचे फाँट वेगवेगळे असत आणि बातमी वाचण्याआधी वाचकाला तो फाँट मिळवावा लागे. ती अडचण मोठ्या कष्टाने दूर झाली. आता जावास्क्रिप्टच्या रूपाने वाचनापूर्वीची तीच पूर्वअट पुन्हा उभी राहते आहे. उलट, २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया आजही जावास्क्रिप्टवाचून पूर्ण वाचता येतो.

कलेच्या आघाडीवर आता परतीची पावले दिसत आहेत. नेटफ्लिक्सने लॉगिनपूर्वीच्या मुखपृष्ठावरून फोनकडे जाणारे रिअ‍ॅक्ट काढले, तेव्हा सुमारे दोनशे किलोबाइट जावास्क्रिप्ट कमी झाली आणि पान वापरण्याजोगे होण्याचा वेळ निम्म्यावर आला. २०१९ मध्ये केटी सायलर-मिलर यांनी मांडलेली बेटांची कल्पना अ‍ॅस्ट्रोसारख्या साधनांनी उचलली: सगळे पान साधा मजकूर, आणि जिथे हालचाल हवी तेवढ्याच तुकड्याला जावास्क्रिप्ट. एचटीएमएक्स ही अवघ्या चौदा-एक किलोबाइटची लायब्ररी सर्व्हरकडून तयार मजकुराचा तुकडा मागवून पानात बसवते. ही साधनेही दोषमुक्त नाहीत. एचटीएमएक्सची क्रिया सर्व्हरकडे फेरी मारते, म्हणून रेंज तुटकी असेल तर तिचाही वापर जपून करावा लागतो. याउलट, रेंज गेल्यावरही आधी पाहिलेले पान दाखवणारा सर्व्हिस वर्कर जावास्क्रिप्टमध्येच लिहिला जातो, आणि किनाऱ्यावर त्याचा उपयोग मोठा आहे. खोलीचे बुकिंग कॅलेंडर, नकाशा, पैसे भरणे यांनाही ती हवीच. तेव्हा जावास्क्रिप्टला विरोध करण्याचे कारण नाही. जिथे तिच्याने वाचकाचे काम सोपे होते तिथे ती असावी आणि तिच्याविना पान वाचता यावे, एवढाच आग्रह आहे.

या आग्रहावर आक्षेप येतात ते मुख्यतः तीन. पहिला असा, की जिओनंतर, म्हणजे २०१६ पासून, नेट स्वस्त झाले आणि आता ५जी आले. नेट वाढले हे खरे. पण पानेही त्याच काळात फुगली, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर टॉवर बदलल्याने वेगवान होत नाही. दुसरा आक्षेप असा, की छोट्या व्यावसायिकाचे गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून येते, वेबसाइट पाहतो कोण? पण शोधात सापडणारा, स्वतःच्या मालकीचा पत्ता वेबसाइटच देते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक शेवटी पानावरच उघडते. फ्लिपकार्टसारख्या मोठ्या कंपनीने २०१५ मध्ये मोबाइल वेबसाइट बंद करून सारे लक्ष अ‍ॅपवर दिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती हलक्या रूपात परत आणली. तिसरा आक्षेप घडवणाऱ्यांचा आहे: तयार चौकटीत काम लवकर होते, आणि नोकरीतही तेच मागतात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर उपदेशाने मिळणार नाही. घडवणाऱ्याचा वेळ एकदा वाचतो, वाचकांचा रोज जातो. हा हिशेब जो पैसे देतो त्यानेच मांडायला हवा. शिवाय न्याहारी-निवासाचे दर हंगामातून एक-दोनदा बदलतात. असे पान एकदा तयार करून ठेवले, की साध्या सर्व्हरवर अत्यल्प खर्चात चालते.

म्हणून बदल सुरू व्हायला हवा तो मागणीपासून. भारत सरकारची वेबसाइटविषयक मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. जिल्ह्यांच्या साइटी एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या एका सामायिक चौकटीवर चालतात. म्हणजे एका ठिकाणी केलेली सुधारणा अनेक जिल्ह्यांना लाभू शकते. १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणवणाऱ्या सिंधुदुर्गात नगरपरिषद, पर्यटन संस्था किंवा होमस्टे चालक वेबसाइटचे काम देताना तीन अटी घालू शकतात: मुख्य मजकूर सर्व्हरकडून आलेल्या पहिल्या पानातच असावा, जावास्क्रिप्ट न चालली तरी तो वाचता यावा आणि चौकशीचा फॉर्म पाठवता यावा, काम ताब्यात घेण्याआधी ते साध्या फोनवर, देवबागला किंवा आंबोलीत उघडून पाहावे. या अटींना जास्तीचे पैसे लागत नाहीत, फक्त कोणासाठी बांधतो आहोत हे आधी ठरवावे लागते. वेबसाइट घडवणाऱ्याचे कौशल्य किती साधने वापरली यावरून मोजणे आता पुरे. सर्वांत कमी रेंजमधल्या माणसाला त्याचे उत्तर मिळाले की नाही, यावरूनच ते मोजले गेले पाहिजे.