न दिसणारें द्रव्य कीं चुकलेला नियम?

दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेहून फार वेगानें फिरतात, हें व्हेरा रूबिन यांच्या १९७० नंतरच्या वेधांनीं ठसलें. मग तेथें अदृश्य द्रव्य मानावयाचें, कीं गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारावयाचा? इस्रायलचे मोर्देहाय मिल्ग्रोम यांनीं १९८३ सालीं दुसरा मार्ग धरला: त्वरण अत्यल्प झालें कीं न्यूटनचा नियम बदलतो. एकाच नव्या स्थिरांकानें कितीतरी दीर्घिकांची गति जुळते, हा या उपपत्तीचा गुण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु दीर्घिकांच्या समूहांत ती तोकडी पडते. तेथें तिलाही कांहीं अदृश्य द्रव्य उसनें घ्यावें लागतें.

इतिहास मात्र दोन्ही पक्षांस सावध करतो. युरेनसच्या चालींतील फरकावरून लव्हेरिए यांनीं वर्तविलेला नेपच्यून १८४६ सालीं सांपडला. बुधाच्या चालीवरून त्यांनींच कल्पिलेला व्हल्कन कधींच सांपडला नाहीं. तेथें १९१५ सालीं आइनस्टाइन यांस नियमच बदलावा लागला.

आजचें पारडें द्रव्याकडे झुकतें, असें आमचें मत आहे. पण त्या द्रव्याचा एकही कण प्रयोगशाळेंत हातीं लागलेला नाहीं; तो लागेपर्यंत मिल्ग्रोम यांस हसण्याचा अधिकार कोणासही नाहीं.