‘श्यामा’चा निकाल आणि कोवळा वाचक

कवी निशिकांतच्या प्रेमसंबंधांवरील चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरविली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरविले. कथा समग्र वाचावी. केवळ लैंगिक उल्लेखामुळे कादंबरी वर्ज्य मानली, तर किशोरांना धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असे न्यायालयाने म्हटले.

तथापि ही कसोटी साहित्यकृतीची आहे. एप्रिल २०२२ मध्ये मुस्लिमांना दुखावणाऱ्या समाजमाध्यमी मजकुरावरून जुन्या हुबळीत पोलिसांवर दगडफेक झाली; अनेक तरुणांना अटक झाली. अशा मजकुरात समग्र असे काही नसते, डिवचण्याचा हेतू मात्र असतो. त्याला कायदा आहे. पण दुर्गदबैलच्या विद्यार्थ्याला कथेपासून दूर ठेवल्याने तो त्यापासून वाचत नाही. थांबून, पूर्ण वाचण्याची सवयच त्याला सावरेल. ती वर्गातच लागते.